सातव्या सीडीतले आबा

परिपाठ चालू असताना मी फोन उचलत नाही, हे माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. पण त्या सकाळी वहिनींचं नाव दिसलं, आणि वहिनी त्या वेळी कधीच फोन करत नाहीत, म्हणून व्हरांड्यात जाऊन घेतला.  त्या म्हणाल्या, "वन्सं, तुमचे दादा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" ... खरंच विचारलं. दादा सकाळी सकाळी कुठं ना कुठं जायचाच. कुणाचा टीव्ही बंद पडलेला असायचा, कुणाचा प्लेअर अडकलेला. तिकडून कुणी तरी वहिनींच्या हातातून फोन घेतला, तेव्हा कळलं. सोयगावहून संभाजीनगरला पोचेपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मला त्या प्रश्नाचीच लाज वाटत राहिली.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे 'मोठा माणूस होता' म्हणतात. मोठा वगैरे काही नव्हता माझा भाऊ. शहागंजात त्याचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढं ते दुकान. तिथं तो आधी टीव्ही, मग डीव्हीडी प्लेअर, मग कॉम्प्युटर दुरुस्त करत आयुष्यभर बसला. हट्टी होता. चहा पार गार करून प्यायचा आणि वर 'गरमच आवडतो' म्हणायचा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्यामुळं मला ओरडायचा हक्क त्याचा होता. तो त्यानं फारसा वापरला नाही, आणि जिथं वापरायला हवा होता तिथं तर मुळीच नाही. ते पुढं सांगते.

आमचं घर देवगाव रंगारीचं. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, मेंढरं होती. आबांना मेंढरं मोजायची गरज पडत नसे. पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की दुसरा मेंढका शिव्या देत खुणा शोधायचा, आणि आबा काठी टेकून निवांत म्हणायचे, "ही आपली, ही न्हाई, ती कान हलवती ती आपली." आम्हाला सगळी सारखीच दिसायची. मी एकदा विचारलं, कसं ओळखता? आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला वर्गातल्या पोरी वळखू येत्यात का न्हाई?" विषय संपला.

मी पाचवीत असताना आमच्याकडं सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही, आणि नेमक्या त्याच वर्षी एका टीव्ही मालिकेचं शूटिंग करायला माणसं आली. त्यांना भेगाळलेली जमीन पाहिजे होती. आमच्याकडं दुसरं काही नव्हतंच. कळपही पाहिजे होता, म्हणून आबांना बोलावलं. चार दिवस आबा, दादा आणि मेंढरं त्यांच्या सांगण्याप्रमाणं एकच माळ पुन्हा पुन्हा ओलांडत राहिले. त्यातलं शेवटी मालिकेत आलं ते एवढंच : आबा कळपाच्या पुढं चालत येतात, थांबतात, कॅमेऱ्याकडं वळतात, डोळ्यांवर हात धरून आभाळाकडं बघतात आणि निघून जातात. जेमतेम वीस सेकंद. ते टीव्हीवर लागलं तेव्हा गावातल्या एकुलत्या रंगीत टीव्हीपुढं आम्हाला मानाची जागा मिळाली होती. आबा स्वतःकडं बघतच नव्हते. "ढवळी बघा, ढवळी कशी निघाली!" असं कळपातल्या एका मेंढीबद्दल म्हणत होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात चाऱ्याअभावी कळप विकावा लागला, आणि कळप गेल्यावर आबा दोन वर्षंही राहिले नाहीत. त्यांचा दुसरा एकही फोटो नाही. ओळखपत्रावर एक काळा डाग आहे, त्याला आम्ही आबा म्हणतो.

पुढं कितीतरी वर्षांनी ती मालिका चोवीस डीव्हीडींच्या खोक्यात विकायला आली. दादा त्यांना डीव्हीडी म्हणायचा. आम्ही बाकी सगळे सीडीच म्हणत आलो. आबा सातव्या सीडीत होते. दादानं खोकं घेतलं त्या दिवशी तो दुकान बंद करून थेट माझ्याकडं सोयगावला आला, आणि दाराशी चपला काढता काढता म्हणाला, "सुमे, आबाला आणलंय."

सीडी कायम टिकत नाही, हे मला त्याच्याकडूनच कळलं. म्हणून त्यानं तिची जपणूक करायचं मनावर घेतलं, आणि त्या जपणुकीचं त्याला वेडच लागलं. त्या काळी बाजारात सगळीकडं दाबलेल्या सीड्या मिळायच्या. चार सीड्यांचं एकीत कोंबायचं; मावत नाही म्हटल्यावर चित्रातले बारकावे काढून टाकायचे. तशी एक कॉपी त्यानं मला मुद्दाम लावून दाखवली. मेंढरांचा एक पांढरा गोळा झाला होता आणि आबांच्या चेहऱ्याच्या जागी चार-पाच चौकोन हलत होते. मी म्हटलं, "चालतंय की, आबाच आहेत हे आपल्याला माहितीये ना." दादा माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी काही तरी अभद्र बोलले. मग म्हणाला, "आबा मेंढरं बी तोंडावरनं वळखायचा. आन आपुन आबाला अंदाजानं वळखायचं व्हय?"

त्याची रीत ठरलेली होती. सीडी जशी आहे तशी, एक कणही न गाळता, पूर्ण उतरवून घ्यायची. कितीही जागा लागो. नवीन सीडीवर लिहायचं ते मशीन सावकाश चालवून, घाई नाही. लिहून झालं की मूळ आणि नक्कल कॉम्प्युटरला ताडून बघायला लावायची, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मशीनवर त्याचा विश्वास होता, पण पुरता नाही. लोक त्यांच्या सीड्या घेऊन यायचे, त्यांनाही तो तसंच करून द्यायचा. कुणी म्हणालं, "आमाला बी एक जादा काढा की," तर सांगायचा, "जादा पायजे तर दुकानातनं इकत घ्या. म्या फकस्त तुमची हाय ती जपून देतो."

दुष्काळाच्या पुढच्या खेपेला तो हर्सूलच्या पुढं नव्या वसाहतीत राहायला गेला होता. शेतांचे प्लॉट पडत होते, रोज एक नवं घर उभं राहत होतं, आणि पाणी मात्र आठवड्यातून एकदा टँकरनं. तेव्हा दादा वाटीभर गाळलेलं पाणी बाजूला काढून सीड्या धुवायचा. मधून कडेकडं, सरळ, हलक्या हातानं. गोल फिरवून पुसायचं नाही. वहिनी कावायच्या, "माणसाला प्यायला न्हाई आन ह्यांच्या सीड्यांच्या आंघोळी!" दादा शांतपणे सांगायचा, "अगं, तेच पानी झाडाला टाकतो की." त्या झाडाचं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते सोडा.

सगळ्या चोवीस सीड्यांची एक नक्कल त्यानं माझ्याकडं ठेवायला दिली. "एका घरात सगळं ठिवू नये," तो म्हणाला. "जपून ठिव, सुमे. ही जिम्मेदारी तुजी." आणि मी जपल्या. माझ्या घरात जी सगळ्यात जपून ठेवायची जागा, तिथंच ठेवल्या, म्हणजे ज्वारीच्या कोठीत. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून. आणि दरवर्षी मे महिन्यात गच्चीवर धान्याला ऊन दाखवायचे, गोधड्यांना ऊन दाखवायचे, तेव्हा या सीड्यांनाही दाखवायचे. एकेक सुटी करून, चमकती बाजू वर, दिवसभर. एक वर्ष चुकवलं नाही.

मग एका दिवशी दादाच्या वसाहतीत विजेचा दाब अचानक वाढला आणि अर्ध्या गल्लीचे टीव्ही, फ्रिज जळाले. दादाच्या कॉम्प्युटरमधली सगळी साठवण त्यात गेली. मूळ खोकं होतं. पण येणारा प्रत्येक पाहुणा 'आबा दाखव' म्हणायचा, त्यामुळं सातवी सीडी शंभर हातांतून फिरून ओरखड्यांनी भरली होती आणि नेमकी आबा वळतात तिथं अडकत होती. दादा माझ्याकडं आला. मी कोठीत खांद्यापर्यंत हात घालून गाठोडं काढलं, ज्वारी झटकली आणि फुशारकीनं सांगितलं, "दरवर्षी ऊन दाखवलंय, बघ! एक किडा लागला नाही."

दादानं एक सीडी उजेडात धरली. मग दुसरी. मग सातवी धरली आणि बराच वेळ बघितली. मी चहा टाकायला उठले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "लई जपल्यास गं." मला इतकं बरं वाटलं होतं, काय सांगू!

पुढं दोन वर्षं तो त्या वीस सेकंदांच्या मागं होता. थोडं मूळ सीडीतून निघालं, थोडं माझ्याकडच्या नकलेतून, आणि ते तुकडे तो गोधडीसारखे जोडत गेला. एका मशीनला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो भंगारातली जुनी मशीनं गोळा करायचा. शहागंजातल्या भंगारवाल्या चाचांना तर त्याची कीव यायची. "ले जा मास्टर, ये बुड्ढा है मगर इसकी नजर अब्बी बी तेज है," असं म्हणत ते त्याच्यासाठी एकेक मशीन बाजूला ठेवायचे. शेवटी चार सेकंद तेवढे उरले. नेमके वळण्याचे. मी एकदा मोबाइलवर कुणी तरी टाकलेला तोच भाग शोधून काढला आणि म्हटलं, "हे घे, यातलं जोड आणि मोकळा हो." दादानं चष्मा वर करून बघितलं. "हा आबा न्हाई," तो म्हणाला, "हा कुनी बी हाय." मी चिडले. म्हटलं, चार सेकंदांसाठी आयुष्य घालवणार आहेस का? तो हसला आणि फोन मला परत दिला.

तो जायच्या आधीच्या बुधवारी त्याचा फोन आला. चाचांनी दिलेल्या कुठल्या तरी मशीननं ते चार सेकंद वाचले होते. "निघाला, सुमे... आबा पुरा निघाला. ऐतवारी ये." आणि मी म्हटलं, या रविवारी जमत नाही, पेपर तपासायचेत, पुढच्या रविवारी येते. पेपर तपासायचे होते हे खरं आहे. तरीही ते वाक्य मला आता रोज ऐकू येतं.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले. जेवण झाल्यावर वहिनी भांडी घासायला बसल्या, आणि घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमाला सांगू नगा म्हनले होते, पर आता कशाला ठिवू पोटात? त्या सीड्या उनानं गेल्या, वन्सं. तसल्या सीडीला ऊन म्हंजी ईख. सातवी तर पार फिक्की पडली हुती." मी विचारलं, "मग मला का नाही बोलला?" वहिनींनी राख लावलेला हात थांबवला. "म्या बी तेच म्हनलं. तर म्हनले, तिनं दान्यात ठिवल्या. दान्यात मानूस काय ठिवतं?"

मी उठून आतल्या खोलीत गेले. तिथं टीव्हीला जोडलेला प्लेअर होता आणि त्यावर नवी सीडी, दादाच्या अक्षरात नुसतं '७' लिहिलेली. मी ती कडेनं धरून आत सरकवली. माळ आला, धूळ आली, मेंढरं आली. आबा थांबले. वळले. डाव्या भुवईतला तो जुना व्रण, ओठ चाटायची सवय, डोळ्यांवर धरलेल्या हाताच्या मनगटातला लोकरीचा दोरा... सगळं जिथल्या तिथं. कुठं सांधा दिसला नाही. मी मोठ्यानं रडले. रडून झाल्यावर पुन्हा लावलं, आणि या वेळी मेंढरं बघू लागले, आबांना आवडलं असतं म्हणून.

कळप चालतो तेव्हा एक माणूस पुढं असतो आणि एक मागं. लंगडी, दमलेली, नुकती जन्मलेली अशी सगळी मागच्याच्या वाट्याला येतात. आबा वळतात त्या चार सेकंदांत, अगदी शेवटच्या मेंढीच्या मागं, धुळीतून एक पोरगेलासा माणूस येत होता. काखेत कोकरू, म्हणून एक खांदा खाली. चित्र थांबवलं. वीस वर्षांचा दादा. मिसरूडही नीट नव्हतं. कोकराच्या तोंडात स्वतःचं बोट दिलं होतं, आणि ते ओरडू नये म्हणून त्याच्याकडंच बघत होता. ते वीस सेकंद आम्ही इतक्यांदा बघितले, पण सगळे आबांकडं बघत होतो. दाबलेल्या नकलेत तर तिथं नुसता करडा ठिपका होता. दादानं ते किती हजार वेळा बघितले असतील देव जाणे, आणि 'तो मागं आहे ना, तो मी' असं एकदाही म्हणाला नाही.

"वहिनी," मी हाक मारली, "जरा इकडं या."

त्या ओल्या हातांनीच आल्या. मी बोट दाखवलं नाही. त्यांनी आधी आबांकडं बघितलं, मग त्यांची नजर मागं गेली आणि तिथंच राहिली. लग्न झालं तेव्हा दादा अठ्ठावीस वर्षांचा होता. हा पोरगा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. पदरानं हात पुसत त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खाली बसल्या.

"चालू करा, वन्सं," त्या म्हणाल्या. "चालू द्या त्यांना."