टिकल्या लावलेला नकाशा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाहीये, तरी चुकून कुणाच्या हाती पडलं तर आधीच माफी मागून ठेवते. लिहायला बसले ते वन्सांसाठी. मार्चमध्ये त्या कायमच्या गावी गेल्या, आणि तेव्हापासून शुक्रवारी दुपारी काय करावं ते मला कळत नाही.

वन्स म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मस्कतच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला त्यांनीच इकडे आणलं, एसीच्या कामाला लावलं, आणि मग मला. मस्कतमध्येच अल खुवैरला त्यांच्याच फ्लॅटमध्ये आम्ही राहायचो. मी नवीन आले तेव्हा बिल्डिंगच्या खाली एक काळी मोटरसायकल उभी होती, माझ्या छातीएवढी उंच. ह्यांना हळूच विचारलं, "कुणाची हो?" हे म्हणाले, "ताईची." मला वाटलं, गावच्या पोरीची थट्टा करतात. संध्याकाळी वन्स ड्युटीवरून आल्या, कपडे बदलले, हेल्मेट चढवलं आणि त्या गाडीवरून दही आणायला गेल्या. केस पिकलेली बाई. मी गॅलरीत उभी राहून त्या वळणाआड जाईपर्यंत बघत होते, आणि परत येईपर्यंत तिथेच होते.

त्यांना एक मोठी सफर करायची होती. एकटीने, मोटरसायकलवरून. मस्कतहून निझवा, तिथून जबल शम्सची मोठी दरी, मग डोंगर ओलांडून पलीकडच्या वादीत उतरायचं. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. पुढे वाळूच्या टेकड्या, कासवं अंडी घालायला येतात तो राखीव किनारा, पांढऱ्या हरणांचं अभयारण्य, आणि शेवटी पार सलाला. हिवाळ्यातच जमेल असं काम. दर शुक्रवारी जेवणं झाली की जेवणाच्या टेबलावर ओमानचा नकाशा पसरायचा.

त्यांची पद्धत उलटी होती. बोट मस्कतवर ठेवायच्याच नाहीत. त्या दिवसाचा शेवट जिथे, तिथून मागे मागे यायच्या. "आधी परतीचं ठरवायचं, मग जायचं," म्हणायच्या. "आपली माणसं जायचं ठरवतात नि येणं देवावर सोडतात. देवाला दुसरी कामं आहेत." प्रत्येक जागी कुठून मागे फिरायचं ते ठरलेलं. डोंगरावर ढग दिसला तर वळायचं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वळायचं, कारण पाऊस तिकडे पडतो आणि पाणी वादीतून इकडे येतं. वादीच्या पाण्यातून काढलेली माणसं त्यांनी हॉस्पिटलात बघितली होती. त्याबद्दल जास्त बोलायच्या नाहीत. फक्त "वादीतली वाळू मऊ असते गो, म्हणून लोक तिथेच झोपतात," एवढंच.

नकाशावर खुणा करायला त्या टिकल्या वापरायच्या. पेन्सिल पुसली जाते, पेन चुकलं की नकाशा वाया जातो, टिकली काढून दुसरीकडे लावता येते. लाल टिकली म्हणजे पेट्रोल पंप, हिरवी म्हणजे पाणी, काळी म्हणजे इथून पुढे मोबाइलला रेंज नाही. हे चिडवायचे, "कपाळाला एक लावत नाही नि ओमानला दोनशे!" वन्स मान वर न करता म्हणायच्या, "कपाळावर पेट्रोल मिळत असतं तर लावली असती, बाळ्या." गावाहून कुणी येणार असलं की वन्सांची मागणी ठरलेली. आंबे नकोत, टिकल्यांची पाकिटं आणा.

एकदा त्या मला ती दरी दाखवायला घेऊन गेल्या. त्यांच्याबरोबरच्या एका नर्सच्या नवऱ्याची मोठी गाडी होती. डोंगर चढता चढता माझे कान बंद झाले. वर पोचल्यावर सपाट खडक, दोन-चार बकऱ्या, थंड वारा, आणि पुढे जमीनच नाही. मी खाली बसले आणि बसूनच पुढे सरकले. खाली इतकं खोल होतं की तळाचं गाव दिसायला मला वेळ लागला, तांदूळ सांडल्यासारखी घरं. मग एक मोठा पक्षी उडत गेला, आणि तो आमच्या खालून उडत होता. त्याची पाठ दिसत होती, पंखांवरचं ऊन दिसत होतं. पक्षी मी नेहमी खालून बघितलेले. उडत्या पक्ष्याची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. वन्स कडेपासून चांगल्या लांब, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

मी विचारलं, "वन्स, तुम्हांला भीती वाटते?"

"वाटते की. नाहीतर एवढे शुक्रवार कशाला घालवले असते?"

त्यांच्या सफरीत मलाही एक काम होतं. घरी राहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण वन्स म्हणायच्या, जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्याला जास्त माहीत पाहिजे. रोज सूर्य मावळायच्या आत त्यांचा फोन येणार. नाही आला तर मी पोलिसांना फोन करून त्या कुठल्या रस्त्यावर आहेत ते सांगायचं. आता माझी गत अशी की दारावर पाणीवाला आला तरी मी आतल्या खोलीत जायची. म्हणून सराव सुरू झाला. वन्स फोन घेऊन गॅलरीत जायच्या, मी स्वयंपाकघरातून लावायचा.

"हॅलो, पोलीस!" त्या जाड आवाजात ओरडायच्या. मी फोन ठेवून द्यायची.

"अगो सुमन, मी तिथे पाय मोडून पडले आहे नि तू फोन ठेवतेस?"

"पण तुम्ही तर गॅलरीत आहात."

"मी दरीत आहे! पुन्हा लाव."

मग मी हिंदीत, "साब, हमारा वन्स वापस नहीं आया."

"वन्स क्या है? जनावर है या आदमी?"

आम्ही दोघी इतक्या हसायचो की हे आतून विचारायचे, काय चाललंय. पण हसून झालं की पुन्हा फोन. किती शुक्रवार गेले कोण जाणे. शेवटी न चाचरता सांगता यायला लागलं. निझवा, अल हमरा, तिथून वरचा रस्ता, काळी मोटरसायकल, बाई, पाणी दोन दिवसांचं आहे. ज्या रस्त्यांवर मी पाय ठेवला नाही ते मला माहेरच्या पायवाटेसारखे पाठ झाले.

मग ह्यांची कंपनी बंद पडली. पाच महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. दुसरा अर्बाब, म्हणजे व्हिसा देणारा मालक, मिळेपर्यंत व्हिसाची मुदत गेली, दंड चढत गेला, आमच्या मुलीच्या शाळेची फी राहिली. हे रात्रभर छताकडे बघत पडून राहायचे. एक दिवस मी भाजी घेऊन आले तर खाली मोटरसायकल नव्हती. वर वन्स ह्यांच्यासमोर पैसे ठेवत होत्या. बाराशे रियाल. हे रडायला लागले. वन्स म्हणाल्या, "रडायचं काय त्यात? उसने देतेय, दान नाही."

मला वाटलं, संपलं. त्यांना दोन वर्षांत साठ पूर्ण होणार, व्हिसा संपणार, गावी जावं लागणार. शुक्रवारी मी मुद्दाम टेबलावर कपड्यांच्या घड्या करत बसले, म्हणजे नकाशाची आठवण नको. वन्स आल्या, घड्या उचलून सोफ्यावर ठेवल्या आणि नकाशा पसरला.

"वन्स, गाडी नाही, आता कशाला?"

"गाडी नाही म्हणून डोंगर कुठे गेले का?" आणि टिकलीचं पाकीट फोडायला लागल्या. त्या दिवशी मला वन्स त्या दरीपेक्षाही मोठ्या वाटल्या. गाडी असताना नकाशा बघणारे पुष्कळ असतील. त्यांनी नसलेल्या गाडीचं पेट्रोल मोजलं, नसलेल्या गाडीचं टायर कुठे बदलायचं ते ठरवलं, आणि माझ्याकडून पोलिसांना फोन करवून घेतला.

ह्यांना नवी नोकरी लागली, पण पगार कमी. तेव्हा मी पोळ्या करून द्यायला लागले, आधी बिल्डिंगमध्ये, मग शेजारच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत, मग लांब अल खौदपर्यंत. गणपतीत मोदक, होळीला पुरणपोळ्या. दर महिन्याला जे उरेल ते वन्सांच्या हातात ठेवायची. आपल्यात रीत अशी की समोरच्याने "राहू दे गो" म्हणायचं, आपण "नाही, घ्याच" म्हणायचं. वन्स कधी राहू दे म्हणाल्या नाहीत. दहा रियाल दिले तरी घ्यायच्या, मोजायच्या, "बरं" म्हणायच्या.

हे एकदा चिडलेच. "ताई, सख्ख्या भावाच्या बायकोकडून घेतेस? तिचे हात बघ, तव्याने भाजलेत."

"बघते ना. रोज मलम मीच लावते," वन्स म्हणाल्या. "ती फेडते आहे. तू मध्ये पडू नकोस."

मी पोळ्या लाटत होते. पाठमोरी असल्यामुळे माझं तोंड कुणाला दिसलं नाही ते बरं झालं.

शेवटचा हिवाळा आला. दिवाळीच्या आठवड्यात वन्सांना एक मोटरसायकल सापडली. इथल्या कुठल्याशा शाळेतला एक गोरा मास्तर देश सोडून चालला होता, गुरुवारी त्याचं विमान. गाडी चांगली, किंमत बाराशे. वन्स एवढंच म्हणाल्या, "बघू." बाकीच्या शिल्लकेतून त्यांनी गावी घर बांधायला काढलं होतं, त्याला हात लावणार नव्हत्या. उसन्या बाराशेंपैकी माझ्याकडून अजून साठ रियाल यायचे होते. फराळाच्या ऑर्डरी होत्या, पण पैसे लोकांकडे अडकलेले.

बुधवारी मी शेवटचा डबा घेऊन मदिनत सुलतान काबूसला गेले. पुण्याच्या वहिनी, मोठं घर, माणूस प्रेमळ. चकल्या चाखून म्हणाल्या, "अगं, काय खुसखुशीत झाल्यात! पैसे पुढच्या आठवड्यात ने हं, तू काय पळून जातेयस थोडीच!" एरवी मी "चालेल वहिनी" म्हणून जिना उतरले असते. त्या दिवशी उंबऱ्यातच उभी राहिले.

"वहिनी, पुढच्या आठवड्यात नको. आज हवेत."

"अगं बाई! एवढं काय अडलंय?"

"माझ्या नणंदेला मोटरसायकल घ्यायची आहे."

त्या हसल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायच्या थांबल्या. आतून नवऱ्याकडून मागून नोटा आणल्या, मागच्या महिन्याच्या पोळ्यांचेही धरून.

सफर कशी झाली ते वन्स सांगतील, त्यांचं सांगणं अजून संपलेलं नाही. माझी गोष्ट त्या बुधवारपर्यंतचीच. घरी आले तेव्हा वन्स ड्युटीच्या कपड्यांतच टेबलाशी बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते, ते मला नंतर जाणवलं. नोटा पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. आधी सगळ्या नोटा एका तोंडाच्या केल्या, मग मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"साठ," त्या म्हणाल्या. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "फिटले गो, सुमन. सगळे फिटले."