रश्श्यातली साय

माझ्या बायकोने मला फसवलं. भर बाजारात मला कोणी गंडवू शकत नाही. पण घरच्या बटाट्याच्या दाट रश्श्यात बायको सांगते ती साय नसून खरबुजाच्या बियांची वाटलेली मगजबी असते, हे आज ती वाटण घालून ढवळताना दिसलं.

“मग साय जाते कुठे?”

“तूप कढवून लेकीला पाठवते. तिच्या लग्नापासून तुम्ही अबोला धरलाय, मी नाही.”

मी भडकणार होतो. पण मंद आचेवर रस्सा संथ बुडबुडत होता, बटाटे मऊ पडत होते. जेवायला बसलो. चव नेहमीचीच. सायीची उणीव मला कधी जाणवली नव्हती. समोरची लेकीची रिकामी खुर्ची मात्र रोज जाणवते.

लेक माझ्या सायीचं तूप खाते, मग घरी का येत नाही? उत्तर तिने या खुर्चीत बसून द्यावं.