मुखपृष्ठावरची राणी

ओतूरला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ग्रीक धाटणीचं खंडकाव्य लिहिलं. राजा लढाईत मरतो आणि राणी त्याच्या राखेचा कलश घेऊन परतते, अशी कथा. त्यातली चित्रं काढायला त्यांनी मला सांगितलं. मी नारायणगावात शाळेत चित्रकला शिकवते. रेखाटन शिकले ती प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून. या चित्रांत मात्र छाया नाही, रंग नाही. नुसती शाईची रेघ, आणि ती चुकली की कागद फाडायचा.

कलशावर वाकलेल्या राणीसाठी मी बरेच कागद फाडले. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकच सरळ रेघ हवी होती. कपाळ कोरं. माझा नवरा आदल्या वर्षीच गेला होता. कोरं कपाळ मला पुतळ्याकडून शिकावं लागलं नाही. तेच चित्र मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलं. माझं पहिलं छापील चित्र. त्यात काही बदलायचं नाही, एवढीच माझी अट होती.

प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक हातात आलं. राणीच्या कपाळावर लालभडक कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या.

छापखानेवाला तिथंच गठ्ठे सोडत होता. "मॅडम, कपाळ लईच मोकळं दिसत व्हतं. म्हनून कॉम्प्युटरवर लावलं."

"तिचा नवरा मेलाय. कलशात त्याची राख आहे."

"राख व्हय? मला वाटलं, पूजेचा कलश हाय."

प्राध्यापक हसले. "जाऊ द्या हो बाई. आपल्या लोकांना अशीच बरी वाटते."

कार्यक्रमात त्यांच्या पत्नी हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायकांच्या रांगेतून फिरल्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी गुलाबाचं फूल दिलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं. स्टेजवरच्या फ्लेक्सवर माझी राणी कुंकू लावून बसली होती.

सत्काराला माझं नाव पुकारलं. मी वर जाऊन माईकवरच मूळ चित्रं परत मागितली.

"नंतर बघू," प्राध्यापक पुटपुटले.

"आत्ता."

त्यांनी गाडीतून फाईल आणवली. सत्काराची शाल मी खुर्चीवर ठेवली आणि निघाले.

जीपमध्ये चेपून बसले होते, फाईल मांडीवर. वरचंच राणीचं मूळ चित्र शेजारच्या बाईनं पाहिलं.

"काय झालंय वो हिला?"

"नवरा गेलाय."

"दिसतंयच की," ती म्हणाली. मग माझ्या कपाळाकडे बघून तिनं सरकून मला जागा करून दिली.