टाकीचा फोन आणि साहेबांच्या आई

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास मी कोपरगाव भागातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात होतो. बॉयलरला पाणी पुरवणारी टाकी रिकामी होऊ लागली की आपोआप फोन लावणारं एक यंत्र चीफ इंजिनिअर साहेबांनी मागवलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

गावात फोन लावायचा तर ऑपरेटरची मनधरणी करावी लागे. पण कारखान्याचं अंतर्गत एक्स्चेंज ऑटोमॅटिक होतं. यंत्रात एक पितळी चकती होती. नंबरातला जो आकडा, तितके दात कानशीनं तिच्यावर पाडायचे. चकती फिरली की फोन लागे आणि निरोपाची टेप सुरू होई. पहिल्या चकतीवर माझ्या हातून एक दात जास्त पडला आणि फोन लागला गेस्ट हाऊसच्या आचाऱ्याला. मी लाइनवर ऐकत होतो. सगळा निरोप ऐकून घेऊन त्यानं शांतपणे विचारलं, "जेवायला किती जण?"

दुसरी चकती जमली. निरोप मीच बोललो होतो, रेडिओवर बातम्या द्याव्यात तसा: "टाकीतलं पाणी कमी झालं आहे. ताबडतोब या."

चाचणीच्या दुपारी मी साहेबांच्या बंगल्यावर थांबलो. तिकडे खात्यातल्या माझ्या जोडीदारानं ठरल्याप्रमाणे टाकीतला तरंगता फ्लोट खाली दाबला. इकडे घंटी वाजली. साहेब जेवून हात धूत होते, म्हणून फोन उचलला त्यांच्या आईंनी. उभा जन्म शेतात गेलेल्या, आवाज खणखणीत.

"पानी कमी झालंय तर भर की! मला कशाला बोलावतो?"

टेपनं पुन्हा तेच सांगितलं.

"आरं, ऐकलं! म्हातारी हाय, बहिरी न्हाई!"

तिसऱ्यांदा निरोप सुरू झाला तेव्हा त्यांची नजर माझ्याकडे वळली. रिसीव्हरवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो तुझ्यावानी बोलतोय. भाऊ हाय का तुझा?"

"नाही आई, तो मीच आहे."

"मग हितं कोन उभं हाय?"

साहेब टॉवेल घेऊन बाहेर आले आणि हसत हसत खुर्चीत बसले. आई मात्र हसल्या नाहीत. "बोलनारा कोनी का आसंना," त्या म्हणाल्या, "घरच्या मानसाला 'ताबडतोब या' म्हनत्यात व्हय?"

साहेबांच्या हुकमावरून मी टेप बदलली: "आई, नमस्कार. टाकीतलं पाणी कमी झालंय. साहेबांना तेवढं कळवता का?"

ऐन हंगामात एका संध्याकाळी पाण्याचा पंप खरोखरच बंद पडला. साहेब ऊस टाकायच्या गव्हाणीवर होते. आईंनी फोन घेतला, माळ्याला सायकलवरून पिटाळलं, आणि साहेब धावत बॉयलरवर आले. तोवर बॉयलरवाल्यानं दुसरा पंप सुरू केला होता. पण यंत्रानं आपलं काम चोख केलं, म्हणून मी खुशीत होतो.

थोड्या वेळानं माळी परत आला. हातात चहाची किटली.

"फोनवर बोलनारं कोन?" त्यानं विचारलं. "आईसाहेबांनी धाडलाय. बिचारा तीन-तीनदा सांगत हुता म्हनं, घसा बसला आसंल."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चहा आल्याचा होता. पुढे यंत्राची चाचणी दर आठवड्याला घ्यावी असं मीच सुचवलं आणि वेळ ठेवली दुपारी चारची.