उंबरठ्याची दुसरी काच

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. खरं म्हणजे माझा विश्वास कशावरच चटकन बसत नाही. गवळी दूध घालून गेला की मी त्यात बोट बुडवून बघतो, सोनाराकडचा दागिना दुसऱ्या सोनाराकडे तोलून आणतो. आमची मंडळी मला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणते, तेही मला ठाऊक आहे. विलायती मासिकांत प्रेतात्म्यांचे फोटो येतात ना, ते कसे होतात हे मी घरी करून पाहिलं आहे... फोटो काचेवर निघतो, त्या एकाच काचेवर दोनदा उजेड घेतला की झालं. मंडळीला एकाच बाकाच्या दोन्ही टोकांना बसवलेला असा एक फोटो आमच्याकडे आहे. ती म्हणाली, सवत आणायची तर निदान माझ्याहून देखणी तरी आणायची.

तर असा मी माणूस. आणि तरीही पुढचं लिहितो आहे.

महायुद्धाचं दुसरं वर्ष होतं. म्हैसुरात चामराजपुरमला आमचं घर, पूर्वेकडे तोंड असलेलं. घरात मी, मंडळी म्हणजे गंगू, दोन मुली, आणि माझ्या धाकट्या भावाची, यशवंताची बायको सुंदरा. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणायचो. यशवंता संस्थानाच्या रिसाल्यात दफेदार. आमचे आजे-पणजेही म्हैसूरच्या फौजेतलेच. मीच काय तो कचेरीत नकाशे काढत बसलो. रिसाला इजिप्तला गेला होता आणि चार महिने यशवंताचं पत्र नव्हतं.

मला नाद फोटोचा. एका निघून चाललेल्या इंजिनिअर साहेबाकडून जुना लाकडी कॅमेरा घेतला होता. बंगळूर-धारवाडकडच्या आम्हा आठ-दहा हौशी लोकांचं एक मंडळ होतं. दर महिन्याला चिटणीसाचं कार्ड यायचं, त्यावर एक विषय. प्रत्येकाने त्या विषयावर एक फोटो काढून पाठवायचा, मग सगळ्यांचे फोटो एका वहीत चिकटवून ती वही टपालाने घरोघर फिरायची आणि जो तो खाली आपली मतं लिहायचा. ‘पाणी’ हा विषय आला तेव्हा मी गंगूला घागर अकरा वेळा ओतायला लावली. बाराव्या वेळी तिने ती माझ्या पायावर ओतली. ‘हात’ आला तेव्हा तिने सरळ नकार दिला, मग धाकटीने भाजी चिरतानाचे आपले हात दिले. हळूहळू ती या कामात चांगली रुळली. मी अंधाऱ्या कोठीत काचा धुवायचो तेव्हा लाल कापडाचा कंदील ती धरायची आणि सेकंद मोजायची, तेही कानडीत... ओंदु, एरडु, मूरु. कॅमेरा कसा लावतात, काच कुठे बसते, सगळं तिला येत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे हेच तिला भोवलं.

दसऱ्याच्या महिन्याचा विषय होता ‘उंबरठा’. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. आज्याची तलवार, भाला, घरातली विळी, कात्री, आणि माझा हट्ट म्हणून कॅमेराही. पुजलेलं हत्यार त्या दिवशी विश्रांती घेतं, त्याला दशमीच्या उत्तरपूजेपर्यंत कोणी हात लावत नाही. दशमीच्या सकाळी तोरणासकट आमचा उंबरठा टिपायचा, म्हणून नवमीला पहाटेच मी कॅमेऱ्यात स्लाइड भरून ठेवली. स्लाइड म्हणजे चपटी लाकडी पेटी, तिच्या दोन बाजूंना दोन काचा. काचा नव्या, त्याच आठवड्यात फोडलेल्या खोक्यातल्या. मग दाराला तोरण बांधलं, पूजा झाली, भिंगाच्या टोपणावर कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. दुपारी आम्ही सगळे कुस्त्या आणि गर्दी बघायला गेलो. धाकटी आली नाही. नवऱ्याचं पत्र नाही, तिला कसली हौस, असं गंगू म्हणाली.

दशमीला सकाळी उंबरठ्याचा एक फोटो काढला. दुसरी काच मिरवणुकीसाठी राखली होती, पण गर्दीत कॅमेरा उघडताच आला नाही. संध्याकाळी कोठीत शिरलो आणि नवशिक्यासारखी चूक केली. कुठल्या बाजूची काच वापरली तेच आठवेना! म्हटलं, दोन्ही धुऊ.

पहिल्या काचेवर उंबरठा आला. तोरण, सकाळच्या उन्हाचा पट्टा, सगळं मनासारखं.

दुसऱ्या काचेवरही उंबरठाच आला. तेच तोरण. ऊन मात्र नव्हतं, म्हणजे वेळ दुपारनंतरची. आणि उंबरठ्याच्या बाहेर एक माणूस उभा. रिसाल्याचा फेटा, डावा हात गळ्यात बांधलेला, सगळा भार उजव्या पायावर. तसा उभा राहणारा माणूस मला लहानपणापासून माहीत होता. तो यशवंता होता.

त्या दिवशी कंदील मी एकट्यानेच धरला होता, म्हणून हे कोणी पाहिलं नाही.

मला भीती वाटली नाही. मला संशय आला. तोरण नवमीचं, म्हणजे फोटो जुना नाही. दशमीला कॅमेरा दिवसभर माझ्या हातात. म्हणजे नवमीची दुपार, आणि तेव्हा घरी होती एकटी धाकटी. हिशेब सरळ होता... यशवंता रिसाल्यातून पळून आला आहे, बायकोने त्याला लपवलं आहे, वर पुजलेल्या कॅमेऱ्याने त्याचा फोटोही काढला आहे. पळपुट्या शिपायाला काय होतं ते आमच्या घराण्याला सांगावं लागत नाही. माझी नोकरी, मुलींची लग्नं, सगळं डोळ्यांसमोर आलं.

पुढचे आठ दिवस मी खरोखरीचा फौजदार झालो. माळा तपासला, गोठा तपासला, धाकटी किती भात शिजवते ते पाहिलं. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला. शेवटी गंगूला मध्ये घालून विचारलं, कारण कोठीत सेकंद मोजण्यापलीकडे धाकटी माझ्याशी समोरासमोर बोलत नसे. ती स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणाली, “अक्का, कॅमेऱ्याला कुंकू लागलं होतं. मी कशाला हात लावू?”

फूल जागचं हललं नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. पण फूल परत ठेवता येतं, असं मी मनाशी म्हटलं.

“इल्ला म्हणते ती, सुम्ने, उगाच तिच्या मागे लागू नका,” गंगू म्हणाली. “तुमच्याकडे आहे तरी काय, ते दाखवा की.”

मी दाखवलं नाही. एखादा शिपाई चौकशीला आला तर घरात पुरावा नको, म्हणून त्याच रात्री ती काच परसात नेऊन वरवंट्याने फोडली आणि राखेत पुरली. कागदावर छापलीसुद्धा नाही. दोन दिवसांनी धाकटीला तिच्या माहेरी, बन्नूरला पोहोचवलं. थोडे दिवस हवापालट, असं शेजाऱ्यांना सांगितलं. ती गाडीत बसताना एकदाही मागे वळली नाही.

पहिल्या काचेचा फोटो मी मंडळाला पाठवला होता. वही फिरून आली तेव्हा धारवाडच्या एका सभासदाने खाली लिहिलं होतं, ‘दार छान, पण माणूस हवा होता.’ मी ते पान पुन्हा उघडलं नाही.

पत्र आलं ते दिवाळी होऊन पुष्कळ दिवसांनी, यशवंताच्या एका सोबत्याने लिहिलेलं. घोड्यावरून पडून त्याचा डावा हात मोडला होता. दसऱ्यात तो तिकडच्या इस्पितळात हात गळ्यात बांधून बसला होता, आणि नवमीला दिवसभर घरच्या पूजेचंच बोलत होता. पुढे तापाचं निमित्त झालं. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी तो गेला.

बन्नूरला मी एकटा गेलो. बातमी तिच्या वडिलांना सांगितली, ती आतून ऐकत होती. रडारड झाली, दिवस झाले. निघायच्या दिवशी मी तिला बोलावून काचेचं सगळं सांगितलं. काय संशय घेतला तेही सांगितलं. न सांगता घरी परतलो असतो तर स्वतःची शिसारी आली असती.

ती पहिल्यांदा माझ्या समोर उभी राहून बोलली.

“भाऊजी, कसे दिसत होते?”

मी फेटा सांगितला, हात सांगितला, उजव्या पायावरचा भार सांगितला.

“चेहरा?”

मला सांगता येईना. काचेवर सगळं उलटं असतं, गोरं ते काळं दिसतं. चेहरा म्हणजे एक काळा डाग. तो कागदावर छापल्यावरच कळतो, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. आणि मी तो नीट न्याहाळलाही नव्हता. मी तोरण पाहिलं, ऊन पाहिलं, वेळ काढली. माझ्याकडे पाण्याचे फोटो आहेत, हातांचे आहेत, रिकाम्या दाराचेही आहेत. माझ्या सख्ख्या भावाचा एकही नाही. तसा विषय कधी आला नव्हता.

ती म्हणाली, “मी त्या दुपारी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते. जागीच होते. ते दारापर्यंत आले होते, तर एक हाक मारायची नव्हती का?”

त्या काचेवर उजेड कोणी घेतला, हे मला आजही कळलेलं नाही. कोणाला कारण सापडलं तर जरूर लिहा, मी ते तपासून बघेन. धाकटी आमच्याकडे परत आली नाही. बन्नूरच्या तिच्या घरी मी वर्षातून एकदा जातो, ती चहा देते, मुलींची चौकशी करते. आणि दर वेळी, मी उठायच्या आधी, तो माणूस कसा उभा होता ते मला पुन्हा सांगायला लावते. मी सांगतो. चेहऱ्यापाशी आलो की थांबतो.