पट्ट्यातली उरलेली भोकं

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको गॅरेजमध्ये रबराला भोकं पाडत होतो. ती आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

लंडनला ईलिंगमधलं आमचं घर लहान, पण गॅरेज बरं होतं. गाडी बाहेर उभी असायची, आत माझा ड्रिल. मी इथे आल्यापासून कारखान्यात कन्व्हेयरचे पट्टे जोडायचं काम केलं. चौथीच्या पुढे शाळा नाही, पण रबर कळतं. नव्वदच्या आसपास कारखाना बंद झाला. मग स्कॉटलंडचा एक म्हातारा कुणाकडून तरी पत्ता काढून आला. त्याला जुन्या स्नोमोबिल जमवायचा नाद. बर्फावर मोटरसायकलसारखी पळणारी गाडी ती. चाकं नाहीत, खाली रबरी पट्टा फिरतो. तसले जुने पट्टे आता कुणी बनवत नाही. मी कन्व्हेयरच्या रबरातून कापून द्यायचो. त्यावर लोखंडी पट्ट्या बोल्टने बसतात, म्हणून भोकं.

भोक स्वच्छ पडलं पाहिजे. साधा ड्रिल रबराला ओढतो, कड फाटते. मग आतल्या कापडात पाणी शिरतं, ते गोठतं आणि पट्टा उसवतो. म्हणून मी स्टीलच्या नळीच्या कडेला धार लावून घेतली होती. तीच ड्रिलला बसवायची, खाली लाकूड, वरून वॉशिंग-अप लिक्विडचं, म्हणजे भांड्यांच्या साबणाचं पाणी. नळी गोल फिरत उतरते आणि रबराचं बूच आत अडकतं.

खुणांचं काम हिचं. काळ्या रबरावर पेन्सिल दिसत नाही. हिने ब्राउन पेपर घेतला, उदबत्ती पेटवली आणि मापाप्रमाणे कागदाला भोकं जाळली, दिवाळीला ठिपक्यांच्या रांगोळीसाठी जाळतात तशी. कागद पट्ट्यावर ठेवायचा, रांगोळी पसरून हात फिरवायचा, कागद उचलला की पांढरे ठिपके. एक ओळ जरा डावीकडे सरकलेली, पुढची उजवीकडे. स्कॉटलंडवाला ते बघून म्हणाला होता, हे मशीन कुठे मिळतं?

त्या दुपारी ती पट्ट्याचं टोक धरून स्टुलावर बसली होती.

"अहो, हात हलतोय तुमचा."

"थंडी आहे."

"लग्नात हार घालतानासुद्धा हलला होता. मे महिना होता तेव्हा."

अर्धा पट्टा झाला. ती म्हणाली, राहिलेलं उद्या, आता खिचडी टाकते. मी हत्यारं पुसत बसलो. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. गॅस कुणी बारीक करेना, म्हणून मी गेलो. ती फ्रीजपाशी पडली होती. अँब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरने बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच समजलं.

सकाळी घर भरल्यासारखं झालं, होत्या मात्र दोघीच. क्रॉयडनहून मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, आणि कार्डिफहून मुलगी. मुलगी तिकडे नर्स आहे, इथेच जन्मली. ती फोनवर होती. क्रेमेटोरियमची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळेल म्हणाले. मेहुणीने डोक्याला हात लावला.

"पुढच्या आठवड्यात? मग सुतक आजपासून धरायचं की अग्नी दिल्यावर?"

मला काय विचारते? गावाकडे माणूस गेलं की संध्याकाळच्या आत सगळं उरकतं. इथे हिला हॉस्पिटलच्या गारठ्यात ठेवलेली, आणि आम्ही मधल्यामध्ये. चूल पेटवायची की नाही, दाढी करायची की नाही. मेहुणीने पुण्याला फोन लावला. चुलत्याने एक सांगितलं, चुलतीने त्याच्या हातून फोन घेऊन दुसरंच.

मी उठून गॅरेजमध्ये गेलो. का गेलो ते विचारू नका. उद्या म्हणाली होती, ते आज होतं.

कोऱ्या अर्ध्या पट्ट्यावर कागद ठेवला. पण सुलटा की उलटा? दोन्हीकडून सारखाच दिसे. उलटला की डावं उजवीकडे जाई. ती कागद कसा धरायची, इतकी वर्षं समोर बसून मी बघितलंच नव्हतं. चुकीचं भोक बुजवता येत नाही, सगळा पट्टा वाया. झालेल्या ओळींशी ताडून बघायचं, एवढी साधी गोष्ट, तीही सुचेना. कागद उलटत होतो, परत उलटत होतो. शेवटी रांगोळीच्या डब्यात हात घातला.

"भाऊजी!" मेहुणी दारात. "घरात काय झालंय, आणि तुम्ही रांगोळी काढताय?"

"रांगोळी नाही. खुणा आहेत."

"भुकटी तीच ना? सुतकात दारात रांगोळी घालत नाहीत."

"सुतक लागलंय का ते तरी सांग आधी."

तिच्या मागून मुलगी आली. "बाबा, तुम्ही काय करतो? चॉक वापरा ना." चॉक लावून बघितला. पट्टा साबणाने बुळबुळीत झालेला, उठेना.

मेहुणी कागदाकडे बघत होती. मग तिला राहवेना. "उलटा धरलाय. उदबत्ती वरून टोचतात, जळकी कड खालच्या बाजूला फुटते. बोट फिरवा. खरखरीत बाजू खाली."

बोट फिरवलं. खरंच होतं.

"पण रांगोळी मी नाही टाकणार," ती म्हणाली.

मी टाकली. कागद उचलला, ठिपके नीट आले. ड्रिल सुरू केला तसं दुसरं टोक घसरायला लागलं. मेहुणीने पदर खोचला आणि स्टुलावर बसून ते धरलं.

"हे पाप कुणाच्या माथी, भाऊजी?"

"अर्धं अर्धं."

"दाबू नका एवढं. ताई सांगायची, तुम्ही कणीक मळल्यासारखं दाबता."

मुलगी हसली आणि लगेच रडायला लागली. मी ड्रिल थांबवला नाही. थांबवला असता तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. सगळी भोकं स्वच्छ पडली, एकाचीही कड फाटली नाही. पट्टा पुसला, गुंडाळला, दोरीने बांधला.

मग मी मेहुणीला विचारलं, आता आंघोळ करायची असते का?

ती म्हणाली, करा. कुठे चुकलं तर चुकलं.

मी वर जाऊन गरम पाण्याने आंघोळ केली.