उभा राहिलेला नारळ

अमळनेरकडे बोअर घेण्याआधी सगळे ज्याला बोलावतात, तो पाणाड्या माझ्या जुन्या ओळखीचा. बांधावर चपला काढायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि जमिनीशी पुटपुटत अनवाणी चालायचा. पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. मग तिथंच तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटायचा.

यंदा माझी विहीर आटली, पपया वाळायला लागल्या, म्हणून त्याला घेऊन आलो. चिंचेजवळच्या कोपऱ्यात नारळ ताठ उभा राहिला. त्यानं झटकन दुसरा हात त्यावर ठेवला.

"आठे पानी नही शे, भाऊ."

"नाना, इथं पाणी नाही कसं? नारळ उभा राहिलेला मी आत्ता डोळ्यांनी पाहिला. खूण तेवढी करून द्या."

"नही."

चहालाही तो थांबला नाही. नारळ फोडला नाही. दोन्ही हातांत घट्ट धरून नेला, कुणाचं तोंड दाबून धरावं तसा.

चपला बांधावरच राहिल्या. महिना झाला, तो न्यायला आलेला नाही आणि मलाही त्यांना हात लावायचा धीर झालेला नाही. त्या कोपऱ्यातलं गवत भर उन्हातही हिरवंगार आहे. तिथं बोअर घे, असं कुणी सुचवलं की आता मीच सांगतो, "आठे पानी नही शे."